कोपऱ्यावरची गिट्टी

टेपचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं खोडके साहेबांच्या. अनुसयाबाई गावंडेंच्या घराची पुढची बाजू मोजून झाली होती. साहेब वळसा घालून बाजूच्या गल्लीत शिरले आणि म्हणाले, "वैजू, आता तुझं टोक त्या कुंपणाच्या खांबाला धर."

"तिकडून कायले मोजता?" अनुसयाबाई दारात आल्या. गळ्यात शिवणकामाची फीत, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या काढून त्यांनी पदराला खोचल्या. "आमचं दार तं इकडं हाये."

"दाराचा प्रश्न नाही, बाई. तुमचा प्लॉट कोपऱ्याचा आहे. दोन्ही रस्त्यांना लागतो. म्हणून दोन्ही बाजू धरायच्या."

"म्हणजे वाटाही दोन बाजूंचा?"

"नियम सगळ्यांना सारखाच आहे."

त्यांनी आधी टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"धर मंग पोरी. नीट ताणून धर. ढिली पडली तं अजून चार फूट वाढतील."

मी टेप ताणून धरली.

आमच्या भागाला वानखडे लेआउट म्हणत. आधी ते कपाशीचं वावर होतं. वानखड्यांनी प्लॉट पाडले, मधून गिट्टी आणि मुरूम टाकला, त्यावर एकदा रोलर फिरवला आणि शेवटचा प्लॉट विकला गेल्यावर ते अमरावतीला राहायला गेले. दोन पावसाळ्यांत मुरूम वाहून गेला, गिट्टी तेवढी राहिली. सायकली पंक्चर होत, चपलांचे अंगठे तुटत, रिक्षावाले लेआउटच्या तोंडाशीच सवारी उतरवून देत. खोडके साहेबांच्या सासूबाई त्या गिट्टीवर पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणातून पुन्हा उठल्याच नाहीत. तेव्हापासून साहेबांनी रस्त्याचं मनावर घेतलं. ते पाटबंधारे खात्यात सुपरवायझर होते. कुठल्या टेबलावर कोणता अर्ज द्यायचा हे त्यांना कळत होतं. नगरपरिषदेचे मुख्याधिकारी त्यांना म्हणाले, डांबराला पैसा नाही. चौथा हिस्सा तुम्ही लोकांनी आधी भरा, बाकीचा आम्ही घालतो, म्हणजे यंदाच्या कामांत तुमचा रस्ता बसेल. ही मोजणी त्यासाठीच होती. ज्याच्या प्लॉटची जेवढी लांबी रस्त्याला लागून, तेवढा त्याचा वाटा.

टेप धरायला मी होते कारण टेप आमची होती. सकाळी बाबा म्हणाले होते, "वैजू, तूच जाय साहेबांसोबत. लोकांच्या डोळ्यांसमोर राह्यलेलं बरं असते."

बाबांचं नाव गुणवंतराव बोरखडे. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकासमोर त्यांचं देशी दारूचं दुकान होतं. सरकारी परवाना होता, भिंतीवर तो काचेच्या चौकटीत लावलेला होता, त्याच्या शेजारी गजानन महाराजांचा फोटो. गावातले लोक त्याला भट्टी म्हणत. बाबा स्वतः थेंबालाही शिवत नसत. दुकानातून आले की मागच्या दाराने येत, मोरीत अंघोळ करत, कपडे बदलत आणि मगच पुढच्या खोलीत पाऊल टाकत. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आणि कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून 'व्यापार' असं लिहिलेलं असे. कशाचा व्यापार असं कोणी विचारलं तर 'किराणा वगैरे' म्हणायचं, हे मला घरात कोणी शिकवलं नव्हतं. ते माझं मीच शिकले होते.

मी तेव्हा वीस वर्षांची होते, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. त्याआधी एक स्थळ मला बघायला निघालं होतं. पाहुणे एस.टी. स्टँडवर उतरले, पानठेल्यावर पत्ता विचारला. पानवाला म्हणाला, "कोणते बोरखडे? भट्टीवाले काय?" पाहुणे तिथूनच परतीच्या गाडीत बसले. आमच्या घरी पोहे भिजवून ठेवलेले होते. रात्री आम्ही तेच खाल्ले.

मोजणी झाल्यावर आठवड्याभराने खोडके साहेब आमच्या घरी आले. लेआउटमधला कोणी मोठा माणूस आमच्या पुढच्या खोलीत बसून चहा पितोय, असं पहिल्यांदाच घडत होतं. आईने कपबश्यांचा ठेवणीतला सेट काढला.

"अडचण रिकाम्या प्लॉटांची आहे," साहेब म्हणाले. "लोकांनी घेऊन टाकले आणि बदलीच्या गावी निघून गेले. कोणी पत्राला उत्तर देत नाही. त्यांचा वाटा कोणी भरायचा?"

"तो मी भरतो," बाबा म्हणाले. लोकांसमोर बाबा शुद्ध बोलत.

"सगळा?"

"सगळा. माझी एकच विनंती आहे. लेआउटच्या तोंडाशी एक दगड बसवावा. त्यावर नाव असावं."

साहेबांनी चहा बशीत ओतला आणि बराच वेळ त्यावर फुंकर घातली.

"नाव तर असायलाच पाहिजे," ते म्हणाले. "फक्त दुकानाचा उल्लेख नको. नुसतं नाव."

"नुसतंच नाव," बाबा म्हणाले.

ते गेल्यावर बाबा किती तरी वेळ खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. अकोल्याकडचं एक नवं स्थळ आलं होतं. मुलगा कॉलेजात शिकवत होता. संक्रांतीनंतर ते मला बघायला येणार होते. येताना त्यांना आधी डांबरी रस्ता दिसेल, मग दगड, मग दगडावरचं नाव, आणि त्यानंतर ते घराचा पत्ता विचारतील, हे सगळं बाबांच्या डोळ्यांसमोर उभं होतं. मलाही ते दिसत होतं. मला ते आवडलंही होतं, हे मी लपवत नाही.

बघण्याच्या दिवसासाठी आईने जांभळी साडी काढली होती. ब्लाउजचं माप द्यायला मी अनुसयाबाईंकडे गेले. पुढच्या खोलीत दोन मशिनी होत्या, एक शिवायची आणि एक काठ बसवायची. त्यांचे यजमान जिनिंगमध्ये फिटर होते. दोन वर्षांपूर्वी ते काविळीने वारले, असं लेआउटमध्ये म्हणत.

"हात वर कर," त्या म्हणाल्या. "श्वास नको रोखू. पोट आत घेतलं तं माप चुकते."

"काकू, रस्त्याचा वाटा तुम्हाला बराच आला असेल."

"साऱ्यांत जास्त माझाच हाये. घर साऱ्यांत लहान, अन् वाटा साऱ्यांत मोठा." त्या हसल्या. "कोपऱ्याचा प्लॉट ह्यायनंच घेतला. सारे म्हणत, मधला घ्या, स्वस्त पडते. हे म्हणे, कोपऱ्यावर दोन बाजूंनी हवा येते. हवा आली खरी. आता वाटाही दोन बाजूंनी आला."

"मग कसं करणार?"

"एक मशीन इकता येईल. पण मंग आलेलं काम कायच्यावर करू? पाहू. रस्ता तं पाह्यजेच. गिऱ्हाईक बाया गिट्टीतून याले कंटाळतात."

त्यांनी मापं खडूने भिंतीवरच लिहिली आणि मला गूळ-शेंगदाणे दिले.

रात्री जेवताना मी बाबांना सांगितलं. "बाबा, तुम्ही रिकाम्या प्लॉटांचा वाटा भरताच आहात, तर गावंडेकाकूंचाही भरा ना. त्या मशीन विकायचं म्हणतात."

बाबांचा घास हातातच राहिला. "कोणच्या गावंडे?"

"कोपऱ्यावरच्या. शिवणकाम करतात त्या."

त्यांनी तो घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "भरतो. पुण्याचंच काम हाये."

"तिचा नका भरू," आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली.

"काहून?"

"उगाच." आईने भाकरी उलटली. आईचा हात पहिल्यापासूनच आखडता, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी खोडके साहेबांच्या अंगणात मीटिंग झाली. सतरंज्या अंथरल्या होत्या, बायका तुळशीकडच्या बाजूला बसल्या होत्या. बाबा पांढरं धोतर आणि इस्त्रीचा सदरा घालून पुढे बसले होते. साहेबांनी कोणाचा वाटा आला, कोणाचा यायचा हे सांगितलं आणि मग त्यांनी घसा साफ केला.

"सांगायला आनंद वाटतो की आपले श्री. गुणवंतराव बोरखडे यांनी रिकाम्या प्लॉटांची सगळी रक्कम स्वतः द्यायचं कबूल केलं आहे. एवढंच नाही, तर आपल्या श्रीमती गावंडे यांचा वाटाही तेच भरणार आहेत."

टाळ्या वाजल्या. बाबांनी बसल्या जागी हात जोडले. मीही टाळ्या वाजवल्या आणि काकूंना किती बरं वाटलं असेल ते बघायला त्यांच्याकडे वळले.

त्या उभ्या राहिल्या होत्या.

"साहेब, माझा वाटा कोणी भरू नका."

"अहो बाई, संकोच कसला? शेजारधर्म आहे हा."

"संकोच नाई. यायच्यापाशी माझा वाटा आधीच जमा हाये."

कोणाला काही कळलं नाही. साहेबांनी बाबांकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही बोरखड्यांकडे पैसे दिलेत का?"

"मी नाई दिले. आमच्या ह्यायनं दिले. शनिवारी पगार व्हायचा. जिनिंगच्या फाटकातून निघाले का समोर भट्टी. घरी येईपर्यंत खिशात काही राहत नव्हतं. किती वर्षं चाललं ते मले माहीत हाये अन् यायले माहीत हाये." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या माप सांगावं तशा बोलत होत्या. "कावीळ म्हणतात सारे. मीच तसं सांगितलं होतं. माझ्या पोरीच्या लग्नाले आडवं नको याले म्हणून."

"बाई," बाबा म्हणाले, "मी कोणाला हात धरून दुकानात बोलावत नाही." ते अजून शुद्ध बोलत होते.

"नाई बोलावत. पण मी त्यायले न्यायले आली होती. याद हाये का तुमाले? दुकानासमोर उभी राह्यली होती. तुम्ही नोकर धाडला. बाई, इथं उभ्या राहू नका, गिऱ्हाईक बिचकते म्हणे."

बाबा लाल झाले आणि सदऱ्याची बाही ओढू लागले.

"मी तुमाले दोष नाई देत. पिणारा तोच होता. पण मेलेल्या माणसाचा पैसा त्याच्याच बायकोले धरम म्हणून देता, अन् वरून टाळ्या होतात. हे नका करू." मग त्या साहेबांकडे वळल्या. "माझा वाटा मी भरीन. उशीर लागन. तवर माझ्या कोपऱ्यावर डांबर नका टाकू. गिट्टी राहू द्या."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. मला वाटलं होतं त्या उठून निघून जातील. त्या गेल्या नाहीत. चहा आला तेव्हा त्यांनी इतरांसारखाच कप घेतला आणि पूर्ण संपवला.

माझे टाळ्या वाजवलेले हात मांडीत तसेच एकावर एक राहिले होते. शेजारच्या बाईने माझ्या बांगड्यांकडे पाहिलं, मग साडीकडे, मग नजर वळवली. माझ्या अंगावरची एकेक वस्तू मला जाणवायला लागली. बांगड्या, कानातलं, चपला, कॉलेजची फी, अभ्यासाचा टेबलदिवा. घरी येताना मी बाबांच्या मागे चालत होते. पायाखाली गिट्टी वाजत होती आणि बाबा एकदाही मागे वळून पाहत नव्हते.

"मी कोणाच्या घशात ओतली नाई," घरी आल्यावर ते आईला म्हणाले. "सरकारचा परवाना हाये. मी नाई विकली तं दुसरा कोणी विकन." आईने ताट वाढलं. ते जेवले नाहीत; तेच वाक्य आणखी दोनदा म्हणाले आणि मागच्या दाराने दुकानावर निघून गेले.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. फळीवरून पितळी लोटा घेतला आणि हातात धरून उभी राहिले. त्यावर नाव कोरलेलं होतं. 'श्रीराम झ. तायडे'. ते नाव मी लहानपणापासून वाचत आले होते, अक्षरओळख झाली तीच मुळी आमच्या भांड्यांवरून. घंगाळावर 'ठमाबाई', परातीवर 'सौ. कांताबाई हिस मामाकडून', ताटांवर वेगवेगळी आडनावं. आमच्या घरात आमच्या नावाची भांडी चारदोनच होती. बाबा बाजारातून जुनी भांडी स्वस्तात आणतात, अशी माझी समजूत होती. ती कोणी करून दिली होती की मीच करून घेतली होती, ते आता आठवत नाही.

"आई, ही भांडी..."

"बाजारातली नाहीत," आई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "जवळ पैसे नसले की लोक दुकानात ठेवून जातात. सोडवायला कोणी आलं नाही तर घरी येतात." ती झाकणं एकात एक घालत होती. "पहिल्या वर्षी मी राखेनं घासून घासून नावं काढायला पाहत होते. निघत नाहीत ती."

संध्याकाळी मला भूक लागली. मी जेवले, त्याच ताटांतल्या एका ताटात. दुसरं ताट नव्हतं.

मला वाटलं होतं, आता रस्त्याचं सगळं फिसकटेल. तसं झालं नाही. दुसऱ्याच दिवशी खोडके साहेब आले. "बाईंचं मनावर घेऊ नका, गुणवंतराव. दुःख आहे, बोलून गेल्या. पण काम थांबवायचं नाही." बाबांनी पैसे दिले. साहेबांनी ते पिशवीत घातले आणि पावती फाडली. त्या अंगणात टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणीही, हे पैसे परत करा, असं म्हटलं नाही. सगळ्यांना रस्ता हवा होता.

ब्लाउज आणायला मी चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी आईने पाठवलं. अनुसयाबाईंनी तो घडी करून कागदात ठेवला होता. त्यांनी तो पुन्हा उलगडला.

"घालून पाह्य. बाहीत घट्ट होते का?"

"नाही."

"मंग झालं." शिलाई त्यांनी नेहमीचीच सांगितली. मी पैसे पुढे केले तेव्हा माझा हात थोडा मागेच राहिला. ते त्यांना दिसलं. "दे," त्या म्हणाल्या. "हे माझ्या कामाचे हायेत."

"काकू, तुमचा वाटा भरायला मीच बाबांना सांगितलं होतं."

"समजलं मले. मशीनचं मी तुलेच बोलली होती."

"मला माहीत नव्हतं."

"नसन माहीत. चांगल्या मनानंच सांगितलं तू." त्यांनी पैसे मशीनच्या खणात टाकले. "म्हणूनच तं जास्त लागलं."

संक्रांतीच्या आधी रस्ता झाला. डांबराची पिंपं आली, धूर झाला, रोलर चार दिवस घरघरत होता. पोरं संध्याकाळी अनवाणी त्या गुळगुळीत काळ्या पट्ट्यावर धावत होती. अनुसयाबाईंच्या कोपऱ्यावर मात्र ठेकेदाराने हात लावला नाही. खोडके साहेबांनीच तसं सांगितलं, जरा रागाने. "त्यांची तशीच इच्छा आहे ना, मग सोडा." त्यामुळे मुख्य रस्त्यावरून गल्लीत वळताना एकाएकी गिट्टी लागे. सायकली उडत, स्कूटरवरच्या बायका ओरडत. लोक वळणावर शिव्या देत, त्या अनुसयाबाईंना. आम्हाला कोणी काही म्हटलं नाही. लेआउटच्या तोंडाशी दगड बसला. त्यावर बाबांचं नाव होतं, नुसतंच.

अकोल्याचे पाहुणे जीपने आले. मुलाचे वडील भास्करराव मालोकार, त्यांची बायको आणि मुलगा. मी जांभळी साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन गेले. बाबा खुर्चीच्या टोकावर बसले होते आणि शुद्ध बोलत होते. पाऊसपाणी झालं, कापसाचा भाव झाला, माझं शिक्षण झालं.

"रस्ता झकास केलाय हो," मालोकार म्हणाले. "पण त्या वळणावर तेवढी गिट्टी का ठेवली? डोकं आपटलं माझं जीपच्या टपाला."

"एका घराचा वाटा बाकी राहिलाय," बाबा म्हणाले. "भरतील. जरा विचित्र बाई आहेत."

ट्रे अजून माझ्या हातात होता. मी बोलणार आहे हे मलाही माहीत नव्हतं.

"बाकी म्हणून नाही ठेवली गिट्टी," मी म्हणाले. "त्यांचे यजमान आमच्या भट्टीत पिऊन पिऊन गेले. बाबा त्यांचा वाटा भरत होते. त्यांनी भरू दिला नाही."

भट्टी हा शब्द आमच्या पुढच्या खोलीत त्याआधी कोणी उच्चारला नव्हता. दारामागून आईची बांगडी वाजली आणि थांबली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. आता पाहुणे उठतील, हे मला ठाऊक होतं. आधीचे तर स्टँडवरूनच परत गेले होते. ते उठण्याची मी वाट बघत होते आणि मला आतून हलकं वाटायला लागलं होतं.

मालोकारांनी रुमालाला बोटं पुसली आणि ते हसले.

"अगं पोरी, भट्टीचं आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे. चौकशी केल्याशिवाय कोणी मुलगी बघायला येतं का?" मग ते बाबांकडे वळले. "गुणवंतराव, तुम्ही उगाच झाकता. धंद्याची कसली लाज? त्यासाठीच तर आलो आम्ही. तोंडाशी तो दगड वाचला, तेव्हाच मी हिला म्हटलं, परक्यांच्या दारासमोर डांबर टाकणारा माणूस स्वतःच्या लेकीला काय कमी करेल?"

त्यांची बायको हसली. मुलगा पोह्यांतले शेंगदाणे एका कडेला करत होता.

"अकोल्यात एक प्लॉट पाहून ठेवलाय आम्ही," मालोकार म्हणाले. "ते सगळं नंतर बोलू. मुलगी आम्हाला पसंत आहे."

मीटिंगमध्ये बाबा लाल झाले होते. त्या दिवशी त्यांचा अपमान झाला होता आणि अपमानाला त्यांच्याकडे उत्तर होतं, परवाना होता. आता त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. त्यांनी हात मांडीवर घेतले आणि बोटांकडे बघत राहिले. स्वतःच्या नावाचा दगड बसवला तेव्हा त्यांना काय हवं होतं, ते मला माहीत होतं. त्या दगडावर पाहुण्यांनी काय वाचलं, ते आता आम्हा दोघांनाही कळलं होतं.

"पाव्हणे," ते म्हणाले. शुद्ध बोलायचं ते विसरले होते, किंवा आता त्यांना ते नको होतं. "पोहे खाऊन घ्या. चहा घ्या. पोरगी मले नाई द्यायची."

"अहो, पण झालं काय?"

"काई नाई झालं. नाई द्यायची."

पुढचं फार नाही. दुकान बाबांनी बंद केलं नाही. दुसरं काही त्यांना येत नव्हतं आणि त्या वयात शिकायची उमेदही नव्हती. भांडी घेणं मात्र त्यांनी सोडलं. घरात होती त्यांतली काही परत द्यायला ते जिनिंगच्या चाळीत फिरले. काही लोकांनी घेतली, काहींचा पत्ता लागला नाही, आणि एका म्हाताऱ्याने, आता काय करू याचं, म्हणून दार लावून घेतलं. अनुसयाबाईंनी आपला वाटा नगरपरिषदेच्या खिडकीवर थोडा थोडा करून भरला. दोन वर्षांनी त्यांच्या कोपऱ्यावर डांबर पडलं. मी बँकेत लागले, तिथल्याच एकाशी लग्न केलं, आणि घरून काही घेतलं नाही. बाबांनी काही देऊ केलंही नाही. त्यांना ते समजलं होतं. आता त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या तेव्हाच्या वयाहून माझं वय आज जास्त आहे.

पण त्या दिवशी जीप गेल्यानंतरचं सांगायचं राहिलं. बाबा पुढच्या पायरीवर जाऊन बसले. एरवी ते तिथे कधी बसत नसत. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असं बसणं ते टाळत. आई आत कपबश्या आवरत होती. मी साडी बदलायला वळले.

"वैजू."

"काय, बाबा?"

"तुले माझी लाज वाटते काय?"

नाही म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी न विचारताच नाही म्हणत आले होते.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ते रागावले नाहीत. थोडं बाजूला सरकून त्यांनी पायरीवर जागा केली.

"बस," ते म्हणाले.

मी बसले. लेआउटमधली माणसं नव्या रस्त्यावर फेरफटका मारायला निघाली होती. कोणी ओळखीचं जवळून गेलं की पावलं जरा मंदावत. दिवेलागण होईपर्यंत आम्ही दोघं तिथे बसून होतो, आणि कोणी नमस्कार केला तरी आमच्यापैकी एकानेही मान वर केली नाही.